मॅचिंग सेंटरवर बसणारा रंगांधळा आणि ८ महिने लाल लेन्स

आमचं मॅचिंग सेंटर आहे, ब्लाउजपीस, फॉल, अस्तर वगैरे, आणि काउंटरवर बसणारा मी रंगांधळा. हसून घ्या. मामालाही आहे, आईकडून आलंय. बाईंनी बॉटल ग्रीन मागितला की मी कधीकधी चॉकलेटी टू बाय टू फाडून मोकळा, आणि फाडलेलं कापड परत कोण घेतंय.

म्हणून लाल कॉन्टॅक्ट लेन्स घेतली, एकच, डाव्या डोळ्यात. नवीन काही नाही हे, एक्स-क्रोम नावाची अशी लेन्स अमेरिकेत १९७१ मध्येच आली होती. हिने रंग "दिसायला लागत" नाहीत हे आधीच सांगतो. हिरवं कापड लेन्सवाल्या डोळ्याला काळपट दिसतं, मोकळ्या डोळ्याला नेहमीसारखं, लालमध्ये तेवढा फरक पडत नाही, मग दोन डोळ्यांच्या या भांडणात हिरव्यावर एक विचित्र चमचम येते आणि तीच ओळखायची सवय करायची. महिनाभरात जमलं. मामाच्या अंगणातली जास्वंद फाटकातूनच दिसली, आधी जवळ जाऊन शोधावी लागायची. रंगांधळेपणा तपासायच्या इशिहारा चाचणीतले, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडेसुद्धा भराभर वाचले, तर डॉक्टर म्हणाल्या आता लेन्स काढून वाच. काढली, आकडे गायब. संध्याकाळी बाइकवर मात्र नको, एक डोळा अंधारात असल्यासारखा राहतो आणि समोरच्या गाडीचा अंदाज चुकतो.

आता खरा मुद्दा. पाचव्या महिन्यात डावा डोळा संध्याकाळपर्यंत लालभडक, गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकून विचारतं, डोळे आलेत का हो? डॉक्टरांनी पिवळा डाय टाकून निळ्या लाइटखाली बघितलं आणि स्क्रीनवर दोन्ही डोळे शेजारी शेजारी लावले. उजवा आरशासारखा स्वच्छ. डाव्याच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, टाचणीने टोचल्यासारखे ठिपके, आणि पांढऱ्या लाइटमध्ये कडेकडून आत शिरलेल्या बारीक लाल शिरा. एकाच माणसाचे डोळे, एकच दुकान, एकच धूळ, फरक फक्त लेन्सचा, वाद घालायला जागाच नाही.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतो, आणि माझी लेन्स हेमा नावाच्या जुन्या प्लास्टिकची, तिच्यातून ऑक्सिजन कमीच जातो. त्यात मी १३ तास घालणार, वर दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं तेव्हा लेन्ससकट ताणून देणार! पापणी मिटली की उरलीसुरली हवाही गेली. मग उपाशी कॉर्निया कडेच्या शिरा आत ओढून घेतो. लाल रंग उतरला का असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या रंगाचा दोष नाही, तुझ्या झोपेचा आहे. लेन्सची डबी नळाखाली धुतो हे ऐकून तर चांगल्याच चिडल्या, नळाच्या पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव कॉर्नियात शिरला तर दृष्टी जाऊ शकते म्हणे. हे सगळं लेन्स विकणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दीड महिना बंद ठेवली. ठिपके चार दिवसांत गेले, शिरांमधलं रक्त ओसरलं, पण त्यांच्या रिकाम्या वाटा तशाच राहतात, पुन्हा हवा कोंडली की लगेच भरतात. आता सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये, म्हणजे ऑक्सिजन जास्त जाऊ देणाऱ्या मटेरियलमध्ये, करून घेतलीये, सकाळी चार तास फक्त, मग काढून सोल्युशनमध्ये.

उरलेल्या वेळासाठी आईने प्रत्येक ताग्याच्या टोकाला पेनने रंगाचं नाव लिहून ठेवलंय. पोपटी आणि शेवाळी वेगळे असतात हे मला परवा कळलं.