समुद्राकाठच्या अंगणात कोळशाची बार्बेक्यू शेगडी: अकरा महिन्यांनंतर

आमचं घर रेवदंड्याच्या बाजूला, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. इथे सायकलची चेन, खिडकीची कडी, गेटची बिजागरी, काहीच फार दिवस धड राहत नाही. ज्यांच्या अंगणात खारा वारा येतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. हा अनुभव मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय. घाटावरच्या लोकांसाठी माझा सल्ला वेगळा आहे, तो पुढे येईल.

आधी पहिल्या शेगडीची गोष्ट, कारण तिच्यामुळेच दुसरी अशी झाली. ती ऑनलाइन घेतलेली, घडीची, सूटकेससारखी मिटणारी. किंमत अठराशे रुपये. पत्रा अर्धा एमएमही नसेल. पहिल्या दोन वेळा बांगडे भाजले, खुश झालो, राख तशीच ठेवून मिटून पडवीत टाकली. जून गेला, जुलै गेला. गणपतीच्या सुमारास उघडली तर तळाला हाताचं बोट आरपार गेलं. वरची बाजू मात्र जवळजवळ कोरी! जिथे जाळ लागत होता तिथे पत्रा ठीक होता, जिथे राख बसली होती तिथे त्याची चाळण झाली होती. राखेत क्षार असतात, ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि पत्र्याला ओल्या पट्टीसारखी चिकटून बसते. शेगडी जाळाने मरत नाही, राखेने मरते, हे तेव्हा कळलं. त्यानंतर कुठलीही शेगडी बघताना मी आधी खाली वाकून तळ बघायला लागलो. चकचकीत झाकण, थर्मामीटर, बाजूचे लाकडी फळे, हे सगळं नंतर.

दुसरी घेताना दोन पर्याय होते. एक, मेहुण्याकडे पुण्यात आहे तशी ५७ सेंटिमीटरची इनॅमलची किटली, म्हणजे गोल वाडगं आणि वर घुमटासारखं झाकण असलेली शेगडी. हा आकार मूळचा अमेरिकेतला. शिकागोकडे वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस काम करायचा. तिथे समुद्रात तरंगत्या ठेवतात त्या धातूच्या बोयांचे गोलार्ध बनायचे. १९५२ मध्ये त्याने त्यातल्या एकाला पाय लावले, दुसऱ्याचं झाकण केलं, आणि उघड्या विटांच्या चुलीवर वाऱ्याने होणारा त्रास संपवला. पुढे त्या आकाराच्या नकला अनेकांनी केल्या. मेहुण्याची किटलीही त्यातलीच एक आहे. सहा वर्षं झाली, बाहेरच असते, पावसाळ्यात फक्त वर कव्हर. वाडगं अजून काळं कुळकुळीत.

त्याचं कारण इनॅमल. आपल्या जुन्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या मगांवर असायचं तेच: पत्र्यावर काचेची पूड भट्टीत वितळवून बसवलेला थर. रंगासारखं ते उष्णतेने फुगत नाही, जळत नाही. पण तो मग खाली आपटल्यावर जसा टवका उडायचा तसाच इथेही उडतो, आणि टवक्याखालून गंज सुरू होतो. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे वाडगं एकाच पत्र्यातून दाबून काढलेलं असतं, त्यामुळे पाणी शिरायला सांधाच नाही. चौकोनी घडीच्या शेगड्यांत पत्रा दुमडून स्क्रूने जोडलेला असतो. गंज तिथूनच आत शिरतो.

मग मी किटली का नाही घेतली? पैसे हे एक कारण. दुसरं म्हणजे मेहुण्याच्या किटलीची सगळी नाजूक कामं मी नीट बघितली होती. पाय अडकवायच्या खोबणी, राखेचं पातं फिरवायची दांडी, बारीक नट-बोल्ट. पुण्यात ते सहा वर्षं टिकले. आमच्या हवेत वाडगं टिकेल पण स्क्रू धरून बसतील, अशी भीती होती. आणि सुटा भाग मागवायचा तर पुन्हा मुंबईची वाट. दुसरा पर्याय जवळच होता: आमच्या रस्त्यावर गेट-ग्रिल बनवणारा फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडून बनवून घ्यायची. तिसरा पर्याय विचारात घेतला आणि तिथेच सोडला: तेलाचं रिकामं बॅरल उभं कापून. स्वस्त पडतं, पण आत पूर्वी काय भरलं होतं याची खात्री कोण देणार?

तर बनवून घेतली. माप अडीच फूट बाय सव्वा फूट, खोली आठ इंच. तळ आणि बाजू तीन एमएमच्या एमएस (साध्या लोखंडी) प्लेटच्या, झाकण दोन एमएमचं, पाय अँगलचे. भाजायची जाळी एसएस ३०४ ची (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड), आठ एमएमच्या सळईची. सगळं मिळून पन्नास किलोच्या आसपास वजन भरलं, खर्च साडेअकरा हजार. गेल्या डिसेंबरात, एकतीस तारखेच्या आदल्या आठवड्यात घरी आली. शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "पोपटीला एक मडकं आणि भांबुर्डीचा पाला पुरतो रे. तुला पन्नास किलो लोखंड कशाला?" पोपटी म्हणजे मडक्यात पाला घालून शेंगा वगैरे भाजायची आमच्याकडची पद्धत. काकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

फॅब्रिकेटरशी बोलताना दोन गोष्टींवर अडून बसलो, आणि त्या दोन्ही बरोबर ठरल्या. पहिली, जीआयचा (जस्ताचा थर दिलेला) पत्रा नको. त्याचं म्हणणं होतं की जीआयला गंज येत नाही, दुकानात शीट पडूनच आहे, स्वस्तात होईल. पण जीआयवरचं जस्त साधारण ४२० अंशांना वितळतं, आणि फुललेल्या निखाऱ्याचं तापमान त्याच्या बरंच वर जातं. जस्ताची वाफ छातीत गेली की ताप भरतो. जीआय वेल्ड करणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असतं. हे बोलल्यावर तो स्वतःच हसला आणि प्लेट काढायला आत गेला.

दुसरी गोष्ट स्टीलची. आपल्याकडे सगळे खिशातून चुंबक काढतात आणि चिकटलं नाही की "एक नंबर माल" म्हणतात. चुंबक ३०४ ला जवळपास चिकटत नाही हे खरं, पण २०२ लाही चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी असतं, ते स्वस्त पडतं आणि खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. त्यामुळे चुंबकाने फक्त ४३० सारखं स्टील ओळखता येतं, ३०४ सिद्ध होत नाही. मी बिलावर ग्रेड लिहून घेतला, बस. आणि ३०४ ही समुद्राकाठी अमर नाही. दोन महिन्यांतच जाळीच्या कडेला चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके आले. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला जास्त तोंड देतं, पण त्याच्या भावात मी दुसरी शेगडी केली असती. ठिपके घासले की जातात. जाळी आजही सरळ आहे, एक सळई वाकलेली नाही.

आता चुका. एक फॅब्रिकेटरची, बाकी सगळ्या माझ्या.

त्याची चूक अशी की शेगडी द्यायच्या आदल्या दिवशी त्याने प्रेमाने आतून-बाहेरून काळा ऑइलपेंट मारून टाकला. दिसायला छान! पण आतला रंग जाळल्याशिवाय त्यावर खाणं भाजणार कसं? रिकामी दोन तास पेटवली, अंगणभर घाण वास, रंगाला फोड आले, मग तारेच्या ब्रशने अर्धा दिवस खरवडलं. आतून काहीच लावू नका, फक्त तेल. झाकणाला आणि बाहेरून उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम पेंट मारा, पायांना रेड ऑक्साइड आणि वर साधा रंग चालतो. हे तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या.

माझी मोठी चूक म्हणजे तळाला भोकं ठेवली नाहीत. मला वाटलं झाकण आहे, पाणी कुठून येणार? मे महिन्यात आम्ही आठवडाभर बाहेर होतो, तेव्हा वळवाचा एक पाऊस झाला. झाकण आणि पेटीच्या फटीतून पाणी आत गेलं. राख मी काढलेली नव्हती (हो, तीच चूक पुन्हा). परत आलो तर आत करड्या चिखलाचा थर. धुऊन काढल्यावर एका कोपऱ्यात पापुद्रे सुटले. फॅब्रिकेटरने जाडी मोजायचा व्हर्निअर लावला, तीनची प्लेट तिथे २.७ भरली. पहिल्या शेगडीचं तेवढ्यात भोक झालं असतं. इथे जाड पत्र्याचे पैसे वसूल झाले. त्याच दिवशी तळाला चार कोपऱ्यांत दहाची चार भोकं पाडून घेतली.

दुसरी चूक खालच्या जाळीची. कोळसा थेट तळावर नको, खालून हवा लागली पाहिजे आणि तळही वाचला पाहिजे, म्हणून दोन इंच वर एक जाळी बसवली. ती मात्र सहाच्या सळईची केली, काटकसर म्हणून. भाजायच्या जाळीला कसली झळ? खरा मार खालचीला. ती निखाऱ्यांखाली लाल होते आणि वरचं वजन पेलत बसते. अकरा महिन्यांत मधोमध झोळीसारखी खाली आली आहे. तिथे बाराची सळई हवी, साध्या एमएसची, उचलून बदलता येईल अशी. पैसे वाचवायचेच असतील तर वरच्या जाळीवर वाचवा.

तिसरी चूक कव्हरची. पावसाळ्याआधी ताडपत्री घट्ट गुंडाळून दोरीने आवळली. पंधरा दिवसांनी उघडली तर आत घाम फुटल्यासारखे थेंब, आणि झाकणाच्या काठाला नारिंगी गंज. आता शेगडी विटांवर उचलून ठेवली आहे, वर फक्त पत्र्याचा तुकडा, बाजू मोकळ्या. वारा खेळतो, वाळते. पावसाळ्याचे उरलेले तीन महिने गंज तिथेच थांबला.

वापराबद्दल. आतापर्यंत तीसेक वेळा पेटवली असेल. रॉकेल अजिबात नको, वास शेवटपर्यंत जात नाही. तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्याचा तळ काढला, खालच्या बाजूला भोकं पाडली, बाहेरून मूठ लावली. खाली कागद आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, वर कोळसा. वीस मिनिटांत कोळशावर पांढरी साय धरते, मग पेटीत ओतायचा. बाभळीचा कोळसा सावकाश, बराच वेळ चालतो, चिकन सगळं एकसाथ भाजायचं तर तोच. करवंटीचा कोळसा लवकर पेटतो, कडक तापतो, माशाला तेवढा पुरतो. निखारे एकाच बाजूला ठेवायचे. भाजून झालेलं दुसऱ्या बाजूला सरकवलं की करपत नाही, हे मी चार जेवणं करपवून शिकलो.

बांगड्याची कातडी जाळीला चिकटायची. जाळी चांगली तापवून कांदा अर्धा कापून तेलात बुडवून फिरवला की चिकटत नाही. आई म्हणते हळदीच्या पानात गुंडाळ, तो प्रश्नच येणार नाही. बरोबर आहे तिचं, पण मग जाळीचे डाग माशाच्या अंगावर येत नाहीत.

तोटाही सांगतो. तीनची प्लेट तापायलाच वेळ घेते आणि कोळसा खाते. चौघांच्या जेवणाला मला दोन किलो लागतो. मेहुणा झाकण लावून, किटलीच्या हवेच्या झडपा अर्ध्या मिटून, त्याच्या निम्म्यात भागवतो. त्याच्याकडे झडप मिटली की आग खरंच विझते आणि उरलेला कोळसा दुसऱ्या दिवशी वापरता येतो. माझ्याकडे झाकणाच्या फटीतून हवा जातच राहते. शिवाय झाकण आठ-नऊ किलोचं. मागे साखळी नव्हती तेव्हा एकदा ते पाठीमागे पडलं आणि बिजागरी वाकली. म्हणून घाटावर, कोरड्या हवेत राहत असाल आणि बजेट असेल तर जाड इनॅमलची किटली घ्या, माझ्या वाटेला जाऊ नका. घेताना वाडग्याचा काठ आणि पायांच्या जोडाभोवती टवका आहे का एवढं नीट बघा.

राख काढण्याचंही एक सांगायचंय. सकाळी थंड वाटली म्हणून प्लास्टिकच्या घमेल्यात भरली आणि घमेल्याला भोक पडलं. आतल्या निखाऱ्यात धग होती. आता चोवीस तास थांबतो, लोखंडी घमेलं घेतो, आणि राख नारळाच्या आळ्यात घालतो. जानेवारीच्या थंडीत मुलांनी हट्ट धरला होता की विझत आलेली शेगडी पडवीत दार लावून ठेवू, ऊब येईल. मी साफ नाही म्हटलं. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, आणि त्याला वास नसतो.

आत्ता शेगडीची अवस्था: तळाचा तो एक कोपरा खडबडीत, बाकी तळावर तेलाचा काळा थर घट्ट बसलाय. बिजागरी बदलली. पायांचा रंग खालून दोन इंच गेलाय. वरची जाळी नवी वाटावी अशी. पुढच्या आठवड्यात खालची जाळी बाराच्या सळईची करायला टाकणार आहे. शेजारच्या काकांनी परवा हळूच विचारलं की त्यांच्यासाठीही अशी एक करून मिळेल का. फक्त खोली वाढवायला सांग म्हणाले, आत मडकं मावलं पाहिजे.