दादरच्या अभ्यासवर्गातील हैती

दादरमधील एका जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर हैतीच्या इतिहासावर सहा शनिवारांचा मराठी अभ्यासवर्ग झाला. शुल्क ९०० रुपये होते आणि ते सार्थकी लागले, असे मी मनापासून म्हणतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त केले होते. हैतीत मात्र गुलामांनी स्वतःच स्वतःला मुक्त केले, आणि हा फरक या वर्गाने पहिल्या तासापासून नजरेआड होऊ दिला नाही.

पहिली दोन सत्रे वसाहतीवर होती. १६९७ च्या तहानंतर कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटाचा पश्चिम भाग, म्हणजे आजचा हैती, फ्रान्सकडे राहिला आणि शंभर वर्षांच्या आत तिथल्या ऊस-कॉफीच्या मळ्यांवर पाच लाखांच्या आसपास गुलाम राबू लागले. गोरे जेमतेम तीस-चाळीस हजार होते. माणसे इतक्या झपाट्याने मरत की आफ्रिकेतून सतत नवी आणावी लागत. घाण्यात ऊस सारणाऱ्याचा हात रुळांत सापडला, तर तो तिथेच तोडता यावा म्हणून शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, हे शिक्षिकेने आवाज न चढवता सांगितले. त्या संध्याकाळी स्थानकाबाहेरच्या रसवंतीतला चरक मला पाहवला नाही.

क्रांतीचा भाग थोडा घाईत उरकला. ऑगस्ट १७९१ चा उठाव, १७९४ साली पॅरिसने मान्य केलेली गुलामीबंदी, १८०२ मध्ये ती मोडीत काढणारा नेपोलियन, १८०३ साली फ्रान्सच्या तुरुंगात मरण पावलेला उठावाचा नेता तुसाँ लुव्हेर्त्युर आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्याचा सेनानी देसालिन याने केलेली स्वातंत्र्याची घोषणा, हे सारे दोन तासांत मावणारे नाही. तरीही मुक्त झालेल्यांना पुन्हा मळ्यांवर सक्तीने जुंपणारे तुसाँचे नियम झाकून ठेवले नाहीत, याचे मला समाधान वाटले.

पाचवे सत्र म्हणजे या वर्गाचा गाभा. १८२५ साली फ्रान्सच्या राजाने चौदा युद्धनौका पाठवून स्वातंत्र्याच्या मान्यतेपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. ही मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई होती आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती. शिक्षिकेने फळ्यावर जमाखर्च मांडला: पहिला हप्ता ३ कोटींचा, तो भरण्यासाठी पॅरिसमध्येच काढलेले ३ कोटींचे कर्ज, दलाली कापून हातात पडलेले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी या भरपाईपायी काढलेल्या कर्जांची शेवटची फेड १९४७ साली झाली. तो आकडा फळ्यावर उमटला तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

उणीव एकच, पण मोठी आहे. ब्रिटिशांच्या १८३३ च्या गुलामीबंदी कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. पुढे मॉरिशसच्या मळ्यांना गुलामांच्या जागी करारबद्ध मजूर हवे झाले आणि मुंबई बंदरातून मराठी माणसेही त्यासाठी गेली. त्यांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात. या विषयाला शेवटच्या शनिवारी दहा मिनिटे मिळाली, वास्तविक त्याला स्वतंत्र सत्र हवे होते. छापील टिपणेही इंग्रजीऐवजी मराठीत द्यावीत, अशी सूचना मी आयोजकांना लेखी दिली आहे.

पुढची तुकडी निघेल तेव्हा अवश्य नाव नोंदवावे. पंख्यांच्या घरघरीत मागे नीट ऐकू येत नाही, म्हणून थोडे लवकर जाऊन पुढच्या रांगेत बसावे.