फुटक्या लादीवरचे इंजिन

चतुर्थीला मुंबईची माणसे घरी आली की आमच्या कुडाळच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि तरीही गेली सहा वर्षे मी माटवीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताच्या) डाव्या अंगाला आठ बाय चार फुटांचे प्लायवूड टाकून त्यावर छोटी रेल्वे मांडत आलो आहे. जमिनीसाठी चाळलेला जांभ्याचा चुरा, झाडांसाठी सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा, पुठ्ठ्यावर प्लास्टर चढवून केलेला बोगदा आणि त्यातून निघणारे एक जुने डिझेल इंजिन, एवढाच तो पसारा. गेल्या वर्षी भाच्याने त्यातले नेमके उणे काढले. "मामा, कोकण रेल्वेचे विद्युतीकरण 2022 मध्येच पूर्ण झाले, मग तुझ्याकडे अजून डिझेलच कसे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. यंदा डब्ल्यूएपी-7 जातीचे विजेचे इंजिन आणायचेच, असे मी आषाढातच ठरवले आणि तिथून पुढचे सगळे घडले.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फसवणूक याच तपशिलांच्या आडून झाली. एचओ प्रमाणातील प्रतिकृती खऱ्या गाडीच्या 87 पट लहान असते आणि ती 16.5 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावते. ही रुंदी परदेशातील 1,435 मिलिमीटरच्या रुळांवरून ठरलेली आहे. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा असल्यामुळे हिशेबाने तो साधारण 19.3 मिलिमीटर यायला हवा, पण तसे रूळ बाजारात सहज मिळत नसल्याने भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतीही बहुतेक जण 16.5 वरच चालवतात. खरे डब्ल्यूएपी-7 साडेवीस मीटरहून किंचित लांब असते, म्हणजे त्याची एचओ प्रतिकृती सुमारे 24 सेंटीमीटरची भरली पाहिजे. भारतीय इंजिनांच्या चांगल्या प्रतिकृती फार थोड्या बनतात. परदेशी मालाचे म्हणाल तर खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेल्यापासून तो सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेला नाही. हवी ती वस्तू मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही, अशा माणसाला गाठणे सोपे असते.

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर मला ती जाहिरात दिसली. पांढरे-लाल डब्ल्यूएपी-7 आणि चार डबे, "एकदाच वापरलेले", किंमत 14,500 रुपये. छायाचित्रात ते इंजिन एका लाल लादीवर मांडलेल्या रुळावर उभे होते आणि त्या लादीचा उजवा कोपरा फुटलेला होता. त्या फुटक्या लादीमुळेच माझा विश्वास बसला, हे आज लिहिताना संकोच वाटतो. पण दुकानातल्या चकचकीत चित्रांपेक्षा ते एखाद्या घरातले खरे छायाचित्र वाटले.

विक्रेत्याशी मी मुद्दाम छंदाच्या भाषेत बोललो. इंजिन साध्या 12 व्होल्टच्या डीसीवर चालते की डिजिटल आहे, असे विचारताच त्याने उत्तर दिले, "डिजिटल आहे, डीकोडर बसवलेला आहे, अ‍ॅड्रेस अजून 3 च ठेवला आहे." डीकोडर म्हणजे नियंत्रकाचे हुकूम ओळखणारी इंजिनातली छोटी चिप; नव्या डीकोडरला कारखान्यातून 3 हाच क्रमांक, म्हणजे अ‍ॅड्रेस, दिलेला असतो आणि हे ठाऊक असलेला माणूस छंदातलाच असणार, असा मी निष्कर्ष काढला. यानंतर मी रुळांची रुंदी विचारली, तेव्हा तो म्हणाला, "पूर्ण ब्रॉडगेज आहे, काळजी करू नका." हे ऐकून मी हसलो. 19.3 मिलिमीटरचे रूळ स्वतः घडवणारा माणूस ही गोष्ट अभिमानाने आधी सांगतो, विचारल्यावर असे मोघम उत्तर देत नाही. पण मी त्याचे बोलणे थट्टा समजून सोडून दिले. डीकोडरचे वाक्य कुठूनतरी उतरवून घेतलेले होते आणि ब्रॉडगेजचे त्याचे स्वतःचे होते, हे पुढे लक्षात आले. इंजिन चालते आहे असा व्हिडिओ मी मागितला, तेव्हा आलेल्या दहा सेकंदांच्या चित्रफितीत इंजिन सरळ रुळावर पुढे जाताना दिसत होते, पण ते चालवणारा हात किंवा नियंत्रक कुठेच दिसत नव्हता. चतुर्थीला तीन आठवडे उरले होते आणि आणखी दोघे ग्राहक मागे लागले आहेत, असे तो दर दिवसाआड कळवत होता. मी पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ पाठवली.

चार दिवसांनी त्याने कस्टमचे 2,900 रुपये मागितले. वास्तविक माल देशातल्याच एका शहरातून, "एकदाच वापरून" निघालेला होता, तेव्हा त्यावर आता कसले कस्टम? शिवाय परदेशातून पार्सल आले तरी शुल्क टपाल खाते किंवा कुरिअर पावतीवर घेते, कुणाच्या खासगी यूपीआय खात्यावर भरायचे नसते. हे मला कळत नव्हते असे नाही. पण 14,500 अडकलेल्या माणसाला 2,900 लहान वाटतात.

पार्सल मात्र खरोखर आले. आत 15 सेंटीमीटर लांबीचे, पेन्सिल सेलवर चालणारे प्लास्टिकचे इंजिन होते, ज्याच्या कपाळावर कागदी स्टिकरने "डब्ल्यूएपी-7" लिहिले होते. मी ते माझ्या रुळावर ठेवून पाहिले, तर त्याची चाके दोन रुळांच्या मधल्या स्लीपरवर जाऊन बसली. माझे रूळ निकेल सिल्व्हरचे आहेत (नावात चांदी असली तरी त्यात तांबे, निकेल आणि जस्तच असते), कारण पोलादी रूळ आमच्या खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंजतात. या नव्या इंजिनासाठी मी श्रावणभर रोज स्पिरिटच्या फडक्याने ते रूळ पुसत बसलो होतो.

मी तक्रार करताच विक्रेत्याने अतिशय नम्रपणे माफी मागितली, गोदामात पार्सलांची अदलाबदल झाली असे सांगितले आणि 17,400 रुपये परत करण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केल्यावर पडद्यावर कुणा तिसऱ्याच माणसाचे नाव आले. मी विचारले, तेव्हा ते "अकाउंट्स विभागाचे" असल्याचे कळले. मी पिन टाकला आणि 17,400 रुपये माझ्याच खात्यातून गेले. बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात मी हे सांगितले तेव्हा तिथला पोरगा एवढेच म्हणाला, "मास्तरांनू, पैसे येवक पिन लागना नाय." चाळीस वर्षे मुलांना गणित शिकवलेल्या माणसाने ते वाक्य खाली मान घालून ऐकले.

त्याच पोराने माझ्याकडून 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करवून घेतला. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता एवढे त्यांनी विचारले, आणि पुढे सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर संभाषणाच्या चित्रांसह तक्रार नोंदवायला सांगितली. क्यूआर कोडचा व्यवहार होऊन तेव्हा चाळीसच मिनिटे झाली होती, त्यामुळे त्यातले 6,200 रुपये समोरच्या खात्यात गोठवता आले. ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत, प्रक्रिया सुरू आहे. पहिल्या 14,500 रुपयांचा मात्र माग लागला नाही, कारण पार्सल उघडल्यापासून त्या क्यूआर कोडपर्यंतचे नऊ दिवस मी घरात कुणालाही न सांगता त्या विक्रेत्याशी एकट्याने पत्रव्यवहार करत घालवले. पोलिसांनी पार्सलवरचा पत्ता पाहिला, तर तिथे साड्यांचे दुकान निघाले आणि त्या दुकानदाराला रेल्वेशी काही देणेघेणे नव्हते.

चतुर्थीला बोगद्यातून नेहमीचेच डिझेल निघाले. भाच्याने काही विचारले नाही, बहुधा बहिणीने त्याला दटावून ठेवले असावे. पेन्सिल सेलचे ते इंजिन त्याने दोन दिवस ओटीवर पळवले आणि विसर्जनाच्या गडबडीत ते कुणाच्यातरी पायाखाली आले.

दिवाळीच्या आधी त्याच संकेतस्थळावर वेगळ्या नावाने डब्ल्यूएपी-7 ची जाहिरात आली. लादी तीच होती, उजवा कोपरा तसाच फुटलेला. मी जाहिरात खोटी असल्याचे कळवले आणि ती दुसऱ्या दिवशी काढली गेली. चार दिवसांनी ती पुन्हा लागली तेव्हा चित्र उलटे करून घेतलेले होते, म्हणून कोपरा आता डावीकडे दिसतो, इंजिनावरचे आकडे आरशातल्यासारखे उमटले आहेत आणि किंमत पाचशे रुपयांनी उतरली आहे.