तीनचाकी टूरिंग मोटरसायकलवर एअर हॉर्न: एका वर्षाच्या वापरानंतर

पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या टूरिंग मोटरसायकलवर कंपनीने दिलेला हॉर्न पुरत नाही, ही तक्रार मी अनेक चालकांकडून ऐकली होती. परंतु महामार्गावर एक बंदिस्त मालवाहू ट्रक शेजारच्या लेनमधून हळूहळू माझ्या अंगावर सरकू लागला आणि मी बटण दाबून धरले असतानाही त्याच्या चालकाला काहीच ऐकू गेले नाही, तेव्हा ती मला पूर्णपणे पटली. साधी मोटरसायकल अशा वेळी लेनच्या कडेला अंग चोरून निघून जाते. माझ्या तीनचाकीची पुढची रुंदी जवळजवळ एखाद्या छोट्या मोटारीएवढी असते आणि ती दुचाकीसारखी कलतही नाही, त्यामुळे चालकाच्या हाती ब्रेक आणि हॉर्न एवढेच उरते. त्या प्रवासाहून परतल्यावर मी दोन भोंग्यांचा, कॉम्प्रेसर अंगातच बसवलेला १२ व्होल्टचा एअर हॉर्न घेतला. हा अभिप्राय त्याच्या वर्षभराच्या वापरावर आधारलेला आहे.

खोक्यावर १३४ डेसिबल असा आकडा ठळकपणे छापलेला आहे, मात्र तो किती अंतरावर मोजला याचा उल्लेख कुठेही नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणजे हाच आकडा हॉर्नच्या तोंडापासून १० सेंटिमीटरवर मोजलेला असेल, तर २ मीटरवर तो १०८ च्या आसपास भरेल, आणि चांगला चकती हॉर्नही (धातूची पातळ चकती थरथरवून वाजणारा नेहमीचा विद्युत हॉर्न) तेवढा आवाज देतो. त्यामुळे दोन हॉर्नची तुलना खोक्यावरच्या आकड्यांवरून करू नये. प्रत्यक्षात फरक जाणवतो तो दोन्ही भोंग्यांच्या एकत्र स्वरामुळे. एका चकतीचा किरटा आवाज वाऱ्यात विरून जातो, तर थोड्या वेगळ्या पट्टीतले दोन स्वर एकदम उमटले की तो आवाज मोठ्या वाहनाचा वाटतो आणि काचा बंद केलेल्या मोटारीचा चालकही मान वळवून पाहतो.

खरे काम वायरिंगचे आहे, आणि सोबत आलेल्या माहितीपत्रकात त्याला एका धूसर आकृतीपलीकडे जागा दिलेली नाही. मूळ चकती हॉर्न साधारण ३ ते ५ अँपिअर घेतो, तर हा कॉम्प्रेसर २० अँपिअरपर्यंत ओढतो. मूळ हॉर्नच्या बारीक वायरा आणि हँडलवरचे बटण एवढ्या प्रवाहासाठी बनवलेलेच नसतात, म्हणून रिले (अल्प प्रवाहाने आतले तारेचे वेटोळे चुंबक बनवून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) अनिवार्य आहे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड वायर फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणि ८७ मधून हॉर्नला न्यायची, आणि मूळ हॉर्नच्या दोन वायरा ८५ व ८६ या टोकांना जोडून त्यांच्याकडून केवळ रिले चालू करण्याचे काम घ्यायचे, अशी ही साधी मांडणी आहे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा, कारण वायर कुठे घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडच्या, म्हणजे बॅटरीच्या बाजूच्या भागाला कोणतेच संरक्षण नसते. रिलेमध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल, तर ८६ ला धन आणि ८५ ला ऋण हा क्रम पाळावाच लागतो. आजच्या वाहनांत हॉर्नचे बटण संगणकीय नियंत्रकाशी जोडलेले असू शकते. रिले बंद होताना तिच्या वेटोळ्यातून उसळणारा उलटा विद्युत दाब (व्होल्टेज) त्याच्यापर्यंत पोहोचू नये, यासाठी डायोड असलेली रिले घेणेच मला योग्य वाटते.

येथे माझ्या हातून एक चूक झाली. हॉर्नचे अर्थिंग, म्हणजे ऋण बाजूची जोडणी, मी जवळच्या रंगवलेल्या ब्रॅकेटवर घेतले. हॉर्न वाजला, पण घसा बसल्यासारखा. मल्टिमीटर लावल्यावर हॉर्न वाजत असताना त्याच्या टोकांशी जेमतेम ९.६ व्होल्ट मिळत होते, म्हणजे बराचसा विद्युत दाब रंगाच्या थराशी आणि सैल बोल्टशीच खर्च होत होता. अर्थिंगची वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेल्यावर तोच आकडा ११.८ झाला आणि खरा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. नवा हॉर्न निराशाजनक वाटला, तर तो परत करण्याआधी ही मोजणी अवश्य करावी.

बसवण्याच्या जागेचा प्रश्न तीनचाकीवर अधिक अवघड आहे. पुढचा भाग भरपूर रुंद दिसत असला, तरी प्लास्टिकची आवरणे उतरवल्यावर आत सस्पेन्शनचे दांडे, स्टिअरिंगची जोडणी आणि रेडिएटर यांनी बहुतेक जागा व्यापलेली असते. आवरणे उतरवून परत बसवण्यात माझा अर्धा दिवस गेला, वायरिंगला त्याहून कमी वेळ लागला. हॉर्न उभा आणि तोंडे किंचित खाली राहतील असा बसवला, तर चाकांनी उडवलेले पाणी भोंग्यांत साचत नाही. बोल्ट अंतिम आवळण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचा भाग जोराने खाली दाबून काहीही घासत नसल्याची खात्री करावी. सगळे वजन एकाच बोल्टवर असल्याने मी तेथे नायलॉनच्या कड्याचा नट वापरला. वर्षभरात तो ढिला झालेला नाही.

आता या हॉर्नच्या एका खऱ्या दोषाविषयी. कॉम्प्रेसरला हवा भरण्यासाठी क्षणभर वेळ लागतो, त्यामुळे बटणाला नुसता स्पर्श केला तर पूर्ण स्वर उमटण्याऐवजी एक अर्धवट, कर्कश घरघर ऐकू येते. चकती हॉर्नने समोरच्याला हळूच सावध करता येते, तशी सोय येथे नाही. पादचारी किंवा सायकलस्वार दिसल्यावर हा हॉर्न वाजवणे मला क्रूरपणाचे वाटते, कारण दचकलेला माणूस कोणत्या बाजूला पाऊल टाकेल याचा नेम नसतो. म्हणून मूळ हॉर्न काढून टाकू नये असे मी आग्रहाने सांगेन. मी तो त्याच्या जुन्या वायरांवर तसाच ठेवला आणि त्याच वायरांचा फाटा रिलेच्या वेटोळ्याकडे नेऊन त्या फाट्यात एक छोटा जलरोधक स्विच बसवला. तेथून अगदी अल्प प्रवाह जात असल्याने साधा स्विच पुरतो. वस्तीत तो बंद असतो आणि जुना हॉर्न एकटा वाजतो. महामार्गावर स्विच चालू केला की बटण दाबताच जुना हॉर्न तत्काळ बोलतो आणि निमिषभरात भोंगे त्याच्या मदतीला येतात, त्यामुळे तो रिकामा क्षणही भरून निघतो.

खरेदीपूर्वी आपल्या देशाचा नियम पाहून घ्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक २८ मध्ये वाहनावर बसवलेल्या हॉर्नसाठी ७ मीटर अंतरावर ११२ डेसिबल ही वरची मर्यादा आहे, आणि काही ठिकाणी एअर हॉर्नवर याहून कडक निर्बंध असतात. जेथे तशी बंदी आहे, किंवा ज्यांना रिले आणि जाड वायरांचे काम नको आहे, त्यांनी गोगलगायीच्या आकाराच्या दोन विद्युत हॉर्नची जोडी पाहावी. त्यांनाही रिले लावणेच योग्य असले, तरी प्रवाह बराच कमी लागतो आणि हलका स्पर्श केल्यावर त्यांचा स्वर पहिल्या क्षणापासून स्वच्छ येतो. लांबच्या प्रवासात अवजड वाहनांच्या सोबतीने तासन्‌तास चालवणाऱ्यांना मात्र मी एअर हॉर्नच सुचवेन. माहितीपत्रक आणि तो अंतर न सांगणारा आकडा यांसाठी मी एक गुण कापतो, हलक्या स्पर्शाच्या दोषासाठी अर्धा. पाचपैकी साडेतीन गुण.