सुट्टीतला खेळ: ‘द लिटल मर्मेड’ दाखवावा का, आणि कसा

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाचनालयाने मुलांसाठी सिनेमा लावायचं ठरवलं, की डिस्नेचा ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) सहज पुढे येतो. लांबी ८३ मिनिटं, गाणी भरपूर, समुद्र आणि खेकडा तर आपल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. सिनेमा म्हणून तो उत्तमच आहे. त्याच्या संगीताला आणि एका गाण्याला ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. आमची हरकत आहे ती हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ सालच्या कथेचं त्याने जे केलं त्याबद्दल. म्हणून नुसता सिनेमा लावू नका, कथेसोबत लावा.

सिनेमाने शेवट गोड केला, एवढंच सहसा सांगितलं जातं. खरी काटछाट त्याच्या बरीच आधी झाली आहे. कथेतल्या जलपरीला राजपुत्र हवा असतो, पण त्याहून जास्त हवा असतो माणसाचा अमर आत्मा. जलपऱ्या तीनशे वर्षं जगतात आणि मग समुद्राचा फेस होतात, मागे काही उरत नाही, असं तिला आजीने सांगितलेलं असतं. सिनेमात आत्म्याचा विषयच नाही. तिथल्या जलपरीला, एरियलला, माणसांच्या वस्तूंचं वेड आहे, आणि बापाशी भांडण आहे.

मग येते चेटकीण. कथेतली चेटकीण भयंकर आहे, बुडालेल्या माणसांच्या हाडांच्या घरात राहते, पण व्यवहाराला चोख आहे. काय मिळेल आणि काय जाईल, ते ती आधीच सांगते: पाय मिळतील, पण प्रत्येक पाऊल धारदार सुरीवर पडल्यासारखं वाटेल, पुन्हा समुद्रात येता येणार नाही, राजपुत्राने दुसरीशी लग्न केलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे फेस होशील. मोबदल्यात ती जीभ कापून घेते. जलपरी हे सगळं ऐकून हो म्हणते. पुढे राजपुत्रही दुष्ट निघत नाही. तो तिच्यावर माया करतो, फक्त लग्न दुसरीशी करतो, कारण आपल्याला कोणी वाचवलं हे त्याला कळलेलंच नसतं आणि हिला सांगता येत नाही. कोणीच गुन्हेगार नाही, आणि तरी ती संपते. कथेतला खरा काळोख हा आहे.

सिनेमाला तो झेपला नाही. त्याने जिभेऐवजी नुसता आवाज घेतला आणि शिंपल्यात जपून ठेवला, म्हणजे तो परत देता येतो. चालतानाची वेदना पूर्ण गाळली. तीन दिवसांची मुदत घातली, आणि चेटकिणीला लबाड केलं: एरियलचाच आवाज वापरून ती राजपुत्रावर भुरळ घालते. एकदा ती लबाड ठरली की करार मोडल्याचं कोणाला वाईट वाटत नाही. फुटक्या जहाजाचं टोक तिच्या पोटात घुसतं, आवाज परत येतो, बाप पाय बहाल करतो, लग्न लागतं. दिलेली किंमत पैन् पै परत. सगळ्यात जास्त खटकतात त्या बहिणी. कथेत त्या धाकटीला वाचवण्यासाठी आपले लांब केस चेटकिणीला देऊन सुरी आणतात; राजपुत्राचं रक्त पायांवर पडलं तर शेपूट परत येईल. जलपरी झोपलेल्या राजपुत्राकडे बघते आणि सुरी समुद्रात फेकते. सिनेमात बहिणींच्या वाट्याला सुरुवातीचं एक गाणं आणि थोडी ये-जा, एवढंच आहे.

‘मुलांना हे सोसणार नाही’ हे कारण आपल्याकडे तरी देऊ नये. दशावतारात पहिल्या रांगेत बसलेली पोरं संकासुराचा वध बघतात, आख्यानातली युद्धं बघतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तेच खेळतात. ‘श्यामची आई’ हा १९५३ चा सिनेमा आईचा मृत्यू लपवत नाही, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या मुलांनाच दाखवला गेला. डिस्नेलाही हे पूर्वी जमत होतं. इटालियन लेखक कोलोडीच्या मूळ ‘पिनोकिओ’ पुस्तकात बोलणारा किडा हातोड्याने मारला जातो आणि खुद्द पिनोकिओला ओकच्या झाडाला फासावर लटकवतात, १९४० च्या सिनेमाने हे दोन्ही गाळलं, पण गाढवं झालेली मुलं त्यात शेवटपर्यंत सुटत नाहीत आणि त्यांना नेणाऱ्या गाडीवानाला शिक्षाही होत नाही.

आता प्रत्यक्ष करायचं कसं? कथा आधी, सिनेमा नंतर. उलट केलं तर मुलांच्या डोक्यात लाल केसांची एरियल बसते आणि कथा ‘चुकीची’ वाटते. पूर्ण कथा मोठ्याने वाचायला साधारण तासभर लागतो, म्हणून दोन बैठका करा आणि पहिली जिभेच्या सौद्यावर थांबवा. मराठी पुस्तक घेताना तीन जागा चाळून बघा: जीभ कापली जाते का, पावलांना सुऱ्या टोचतात का, बहिणींचे केस जातात का. यातलं एक जरी नसलं तर ते पुस्तक संक्षिप्त आहे, आणि शेवटी लग्न असेल तर ती सिनेमाचीच गोष्ट आहे.

खेळ उघड्यावर असेल तर साडेसातच्या आधी सुरू करू नका, तोवर पडद्यावर चित्र फिकं दिसतं. खाऱ्या वाऱ्याने पडदा फुगतो. खालच्या कडेत बांबू घालून दोन्ही टोकं बांधा. संवाद इंग्रजी असतील तर गाण्याच्या आधी दोन वाक्यांत अर्थ सांगावा, गाणं चालू असताना बोलू नये. घरच्या ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, परवानगी आधी घ्या.

२०२३ ची नवी आवृत्ती १३५ मिनिटांची आहे. त्यात चेटकिणीला एरियल स्वतः मारते, हा बदल चांगला, पण किंमत तिथेही परतच मिळते. लहान मुलं इतका वेळ बसतही नाहीत. दहा वर्षांवरच्या मुलांसाठी जपानच्या तोएई स्टुडिओचा १९७५ चा ॲनिमेशनपट मिळाला तर तोच लावा. तो ६८ मिनिटांचा आहे आणि त्यातली जलपरी फेस होते.

एक काटछाट मात्र आम्हीही सुचवू. अँडरसन फेसावर थांबत नाही. तो तिला हवेच्या कन्यांमध्ये नेतो, तीनशे वर्षं सत्कृत्यं केली की आत्मा मिळेल असं सांगतो. तिथपर्यंत जरूर वाचा. त्यापुढे, चांगलं मूल दिसलं की एक वर्ष कमी आणि वाईट मुलाच्या पायी गाळलेल्या प्रत्येक अश्रूने एक दिवस जास्त, असा हिशेब येतो. सात-आठ वर्षांच्या मुलांना वाचून दाखवताना तो सोडून द्या; तिच्या शिक्षेचं ओझं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर टाकायचं काहीच कारण नाही.