जंगलाचा हिशेब: रुपयांत की ग्रामसभेच्या वहीत?

खाणीसाठी वनजमीन वळवायची तर सरकार तिचं 'निव्वळ वर्तमान मूल्य', म्हणजे त्या जंगलातून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, वसूल करतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलेले दर होते हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये, जंगलाचा प्रकार आणि घनता पाहून. या आकड्याला फाइलीत वजन असतं. जंगल फुकटचं नाही, एवढं तरी तो ठणकावून सांगतो. पण ही रक्कम कॅम्पा निधीत, म्हणजे भरपाई म्हणून झाडं लावण्याच्या सरकारी निधीत जाते. ज्या बाईचं सरपण आणि मोह गेला, तिच्या घरी नाही.

दुसरी रीत ग्रामसभेची. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा हक्क, मिळाला. अशा गावांत कोण काय वेचतं, किती घरी ठेवतं, किती विकतं, हे सगळ्यांसमोर वहीत मांडता येतं. तेंदूपत्ता मोजायला सोपा: ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी. मोहाचं तसं नाही. बाया पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली बसतात, फुलं अंगणात वाळवतात आणि पावसाळ्यात हात आखडला की पायलीभर विकून तेल-मीठ आणतात. अडीनडीचा हा आधार कुठल्या दरपत्रकात बसवणार?

वहीत जमिनीत मुरणारं पाणी किंवा झाडांत साठलेला कार्बन मात्र येत नाही. त्याला शास्त्रीय मोजणीच लागते.

तरीही मी वहीलाच आधी मान देईन. वळतीकरणाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला, की ही वही ठरावासोबत जोडावी. रुपयांचा आकडा त्यानंतर.