घरगुती धुण्याची पावडर: सांगलीच्या दोन पाण्यांत घेतलेला अनुभव

दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी विकतची धुण्याची पावडर बंद करून घरी केलेले मिश्रण वापरण्यास सुरुवात झाली, आणि आता पावसाळा सरत आला असताना त्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे. आम्ही विश्रामबागेच्या बाजूला एका सोसायटीत राहतो. सकाळी नळाला कृष्णेचे पाणी येते आणि दिवसभर वापरण्यासाठी बोअरचे पाणी असते. हे मुद्दाम आधी सांगत आहे, कारण पुढे जो काही बरावाईट परिणाम दिसला त्यात पावडरीच्या कृतीपेक्षा या दोन पाण्यांमधील फरकाचा वाटा मोठा होता.

कृती अमेरिकेतील घरांमध्ये प्रचलित असलेलीच आहे: किसलेला कपड्यांचा साबण, धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि टाकणखार (बोरॅक्स), तिन्ही समभाग. साबणाची वडी घेताना ती खरोखरच तेलापासून केलेला साबण आहे ना, हे वेष्टनावर वाचून घ्यावे, कारण दुकानात साबण म्हणून मिळणाऱ्या निळ्या-हिरव्या वड्यांपैकी बऱ्याच डिटर्जंटच्या असतात. धुण्याचा सोडा भुकटीच्या रूपात घ्यावा. स्फटिकांच्या रूपातील सोड्यात वजनाने सुमारे 63 टक्के पाणीच असते, म्हणजे त्याच भावाने घेतल्यास आपण बहुतांश पाण्याचेच पैसे मोजतो. टाकणखार शोधण्यासाठी मात्र या जिल्ह्यात फिरावे लागत नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातील कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायात आहेत आणि धातू वितळवताना मळ वेगळा करण्यासाठी हाच पदार्थ वापरला जातो, त्यामुळे तो काय आहे हे दुकानदाराला समजावून सांगण्याची वेळ येत नाही. तो पोटात जाणे धोक्याचे असल्याने लहान मुले असलेल्या घरी डबा उंचावर, नाव लिहून ठेवावा, आणि स्वयंपाकघरात तर ठेवूच नये.

किसलेला साबण दोन दिवस उन्हात कडक वाळवून मग मिक्सरमध्ये फिरवला तर भुकटी चांगली होते. ओलसर राहिला तर गोळे होतात आणि थंड पाण्यात ते विरघळत नाहीत. थंडीच्या दिवसांत गडद रंगाच्या कपड्यांवर पांढरट रेघा उमटत होत्या. मिश्रण आधी तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून मग मशीनमध्ये ओतल्यावर त्या थांबल्या.

आता पाण्याविषयी. नळाच्या पाण्यात हे मिश्रण खरोखर चांगले काम करते. रोजचे सुती कपडे, चादरी, पंचे स्वच्छ निघतात, वास राहत नाही आणि 35 ग्रॅम मिश्रणात एक खेप सहज धुऊन होते. बोअरच्या पाण्यात तेच मिश्रण दुपटीच्या जवळ घालावे लागते आणि तरीही फेस धरत नाही. सोसायटीने या पाण्याची तपासणी करून घेतली होती. कठीणपणा लिटरला 400 मिलिग्रॅमच्या आसपास आला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा 200 आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 अशी दिलेली आहे, म्हणजे आमचे पाणी या भागाच्या मानाने फार वाईट नव्हे. परंतु साबणाच्या दृष्टीने हा आकडा जड आहे. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि हे क्षार संपेपर्यंत साबण मळाकडे वळतच नाही. 40 लिटर अशा पाण्यात साधारण 16 ग्रॅम कठीणपणा असतो. तो एकट्या साबणाने मारायचा म्हटले तर जवळपास 100 ग्रॅम साबण वाया जातो, तर धुण्याच्या सोड्याने तेच काम 17 ग्रॅममध्ये होते. हा हिशेब मांडल्यावर कठीण पाण्यात मिश्रणातील खरा कामाचा घटक सोडाच आहे, हे स्पष्ट झाले.

साका कपड्यांवरही बसतो. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी आले आणि बहुतेक धुणे बोअरवर झाले, तेव्हा पांढरे सदरे हळूहळू राखी दिसू लागले आणि टॉवेल पाणी टिपेनासे झाले. विकतच्या पावडरीत मळ पुन्हा कापडावर बसू नये म्हणून एक घटक असतो, रक्त, दूध, घाम यांच्या डागांसाठी एन्झाइम असतात आणि पांढरेपणा उठून दिसावा म्हणून चकाकी देणारी द्रव्येही असतात; आपल्या मिश्रणात यांतले काहीच नाही. शेवटच्या पाण्यात नीळ घातल्याने पांढऱ्या कपड्यांचा रंग थोडा सावरतो, मळ मात्र निघत नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ड्रमच्या मागील बाजूस बसलेला मऊ, पिवळट थर दाखवला, त्यानंतर समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये साबणाचे मिश्रण घालणे मी बंद केले. काही जण याच मिश्रणात व्हिनेगर घालण्याचा सल्ला देतात. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात, बुडबुडे तेवढे दिसतात.

सांगलीत हळदीच्या डागांबद्दल विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे पिवळा डाग पाण्यात पडताच लालभडक होतो आणि पाहणाऱ्याला कापड वाया गेल्यासारखे वाटते. खळबळून आम्लता-अल्कता पूर्ववत झाली की तो पुन्हा पिवळा होतो आणि उरलेला रंग कडक उन्हात दोन-तीनदा वाळवल्यावर उडतो. या बाबतीत महागडी पावडरही वेगळे काही करत नाही.

पैशांचा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. मला साबण किलोला साधारण 140, सोडा 70 आणि टाकणखार 200 रुपये पडला, म्हणजे मिश्रण सुमारे 137 रुपये किलो. नळाच्या पाण्यात एका खेपेला पाच रुपयांच्या आत खर्च येतो, बोअरच्या पाण्यात आठ. मशीनसाठीची 230 रुपये किलोची पावडर 60 ग्रॅम घातल्यास खेपेला जवळपास 14 रुपये होतात, त्यामुळे त्या तुलनेत बचत खरी आहे. पण बादलीत धुणाऱ्या घरांमध्ये वापरली जाणारी स्वस्त पावडर 75 रुपये किलोने मिळते आणि तीही 60 ग्रॅम घातल्यास खर्च साडेचार रुपयेच येतो. अशा घराने साबण किसत बसण्यात काहीही अर्थ नाही. अमेरिकेतील कृती तेथील महाग डिटर्जंटशी तुलना करून लिहिलेली असते, आणि तो भाव आपल्याकडे लागू पडत नाही.

सध्या आमच्याकडे मशीनमध्ये विकतची पावडर निम्मी, म्हणजे 30 ग्रॅम, आणि बोअरचे पाणी असेल तर तिच्यासोबत एक भरगच्च चमचा सोडा, अशी पद्धत रुळली आहे. खेपेला आठ रुपयेच पडतात, पण कपडे साबणाच्या मिश्रणापेक्षा स्पष्टपणे स्वच्छ निघतात. सोडा याहून जास्त घातला तर कापड कडक होते. लोकरी आणि रेशमी वस्त्रांना तो अजिबात लावू नये, कारण तीव्र अल्कलीने हे प्राणिज धागे खराब होतात. आईच्या रेशमी साड्या पूर्वीप्रमाणे रिठ्याच्या पाण्यातच धुतल्या जातात. ॲल्युमिनियमच्या भांड्यातही सोडा भिजवू नये, भांडे काळे पडते. हातांनी धुताना रबरी हातमोजे आवश्यक आहेत.

किसलेल्या साबणाचे मिश्रण आता पायपुसणी, फडकी आणि चादरींपुरते, तेही नळाच्या पाण्यात, राहिले आहे. टाकणखार वगळून दोन भाग सोडा आणि एक भाग साबण घेतल्याने ते 93 रुपये किलो पडते आणि स्वच्छतेत मला फरक जाणवला नाही. टाकणखार वगळण्याचे दुसरे कारण सांडपाणी हे आहे. धुण्याचे पाणी झाडांना घालण्याची आपल्याकडे सवय असते, परंतु टाकणखारातील बोरॉन थोडा जरी जास्त झाला तरी पानांच्या कडा करपतात, आणि सोड्यातील सोडियममुळे मातीचे कण विस्कटून ती घट्ट होते. मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे गांभीर्य निराळे सांगायला नको. त्यामुळे धुण्याचे पहिले पाणी गटारातच सोडतो आणि शेवटच्या खळबळीचे तेवढे अंगण धुण्यासाठी ठेवतो.